निळं फूल येण्याआधी: महाबळेश्वरच्या हद्दीवरच्या अंजनीची ओळख

महाबळेश्वर पठारावरच्या एका खासगी जागेत उत्तरेच्या हद्दीला लागून अकरा झुडपांची रांग होती. उंची दोन ते साडेतीन मीटर. बुंध्यातूनच चार-पाच खोडं फुटलेली, प्रत्येकाची जाडी पाच ते आठ सेंटिमीटर. पानं गडद हिरवी, चकचकीत, जाड. याच हद्दीवर दगडी कुंपण घालायचं ठरलं होतं. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर 2001 साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. तेव्हापासून इथे खासगी जागेतलं झाड तोडायचं झालं तरी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. म्हणून अर्जासोबत जागेवरच्या झाडाझुडपांची यादी तयार झाली. त्या यादीत या रांगेची नोंद एका ओळीत होती: ‘जांभूळ, लहान, नग अकरा’.

ही नोंद तपासायची वेळ आली, कारण तोवर तीन नावं पुढे आली होती. यादीत जांभूळ. जागेवर काम करणारे स्थानिक लोक म्हणत होते लोखंडी. फोनवरच्या ओळख-अॅपने फांदीच्या फोटोवरून जांभळाच्याच कुळातल्या दोन-तीन जाती सुचवल्या होत्या. जानेवारीचा शेवटचा आठवडा होता आणि झुडपावर एकही फूल नव्हतं.

फूल नसेल तर ओळख पटणार नाही, असं बरेच जण धरून चालतात. या झुडपाच्या बाबतीत ते खरं नाही. पान कसं बसलं आहे, त्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही, एवढं नीट पाहिलं तर दहा मिनिटांत उत्तराच्या अगदी जवळ जाता येतं. फूल लागतं ते शिक्कामोर्तबासाठी. उलट, एकट्या फुलाच्या रंगावर भिस्त ठेवली की चुका होतात. त्याबद्दल पुढे येईलच.

नावाचा घोळ आधी दूर करावा

‘लोखंडी’ हे नाव चूक नव्हतं, पण त्याने काहीच सिद्ध होत नव्हतं. सह्याद्रीत ज्या झुडपाचं लाकूड कठीण त्याला लोखंडी म्हणण्याची रीत आहे. अंजनीला लोखंडी म्हणतात आणि इक्झोरा ब्रॅकिएटा या कॉफीच्या कुळातल्या झाडालाही लोखंडीच म्हणतात. स्थानिक नाव जरूर लिहून घ्यावं, कोणी सांगितलं आणि कुठे सांगितलं तेही लिहावं, पण त्यावरून जात ठरवू नये. हाच घोळ ‘अंजन’ या नावाचा. खानदेश-सातपुड्याच्या कोरड्या रानातला अंजन म्हणजे हार्डविकिया बिनाटा. तो शेंगांच्या कुळातला, पानगळीचा मोठा वृक्ष, आणि त्याचं पान दोन दलांचं असतं. त्याचा महाबळेश्वरच्या अंजनीशी काही संबंध नाही. नेटवर ‘अंजन’ टाकलं की याच वृक्षाचे फोटो समोर येतात आणि माणूस भलतीकडे जातो.

फांदी कोणती घ्यावी

पहिली चूक इथे झाली होती. यादी करणाऱ्याने रांगेतल्या पहिल्या झुडपाचं एक पान तोडून पाहिलं आणि उरलेल्या दहांना तेच नाव दिलं. पुढे तपासात दिसलं की पहिलं आणि सातवं झुडूप खरोखर जांभळाचं होतं. उरलेली नऊ वेगळी होती. महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकरच्या रानात अंजनी, जांभूळ आणि पिसा ही तिन्ही एकत्रच वाढतात. इतकी, की उत्तर सह्याद्रीतल्या या सदाहरित वनप्रकाराला वनस्पतिशास्त्रज्ञांनी या तिघांच्याच नावाने ओळखलं आहे. तेव्हा शेजारी शेजारी उभी झुडपं एकाच जातीची असतील असं इथे कधीच गृहीत धरू नये. प्रत्येक झुडपाला सुतळीने क्रमांकाची चिठ्ठी बांधावी आणि प्रत्येकाची फांदी स्वतंत्र पाहावी.

फांदी साधारण तीस सेंटिमीटरची घ्यावी. तिच्यावर शेंड्याची कोवळी पानं, मधली पूर्ण वाढलेली पानं आणि खाली पानं गळून गेलेली दोन-तीन पेरं (म्हणजे पान फुटण्याच्या जागा), असं तिन्ही हवं. नुसता शेंडा खुडला तर निम्मी माहिती झाडावरच राहते. बुंध्याजवळून फुटलेले जोमदार फुटवे घेऊ नयेत. त्यांची पानं नेहमीपेक्षा मोठी आणि पातळ असतात, त्यामुळे मापं फसवतात. सावलीतली एक आणि उन्हातली एक अशा दोन फांद्या असल्या तर उत्तम.

सोबत दहापट मोठं दाखवणारं हातभिंग, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, एक पातं आणि वही, एवढं पुरतं.

झुडूप सदाहरित आहे की नाही

जानेवारीत हिरवं दिसतं म्हणून झुडूप सदाहरित ठरत नाही. महाबळेश्वरला भरपूर असलेला हिरडा या दिवसांत अजून पानांनी भरलेला दिसू शकतो आणि नंतर महिन्या-दोन महिन्यांत उघडा पडतो. खात्री करायची तर एकाच फांदीवर वेगवेगळ्या वयाची पानं शोधावीत. या नऊ झुडपांवर शेंड्याला फिकट, मऊ पालवी होती, तिच्याखाली चालू वर्षाची गुळगुळीत पानं होती आणि आणखी खाली जुनी पानं होती, ज्यांच्या पाठीवर करड्या-हिरवट दगडफुलाचे ठिपके पडले होते. पावसाळ्यात इथे धुकं आणि पाऊस महिनोन्‌महिने हटत नाही, त्यामुळे एक-दोन पावसाळे काढलेल्या पानावर असे डाग बसतात. गेल्या पावसाळ्याआधीचं पान फांदीवर आहे म्हणजे झुडूप पानगळीचं नाही.

पानाची तपासणी

आधी पानं फांदीवर कशी बसली आहेत ते पाहावं. या झुडपांवर ती समोरासमोर होती, प्रत्येक पेरावर एक जोडी. आडव्या फांद्यांवर देठ वळतात आणि सगळी पानं एकाच पातळीत पसरलेली दिसतात, त्यामुळे लांबून रचना कळत नाही. पेराजवळ भिंग नेऊन दोन्ही देठ एकाच उंचीवर आहेत का हे पाहिल्याशिवाय ‘समोरासमोर’ असं लिहू नये. एवढ्या एका गोष्टीने पिसा बाद झाला. पिशाची पानं फांदीच्या टोकाशी झुबक्याने येतात आणि खालून पांढुरकी असतात. हिरड्याची पानं जवळजवळ समोरासमोर असतात पण पुष्कळदा एक वर एक खाली सरकलेली, आणि देठाच्या वरच्या टोकाशी दोन बारीक ग्रंथी असतात. त्या इथे नव्हत्या.

मग देठ मोडून चीक येतो का पाहावं. पांढरा चीक आला तर करवंद किंवा त्याचं गोत, पिवळा आला तर कोकमाच्या कुळाकडे वळावं. इथे काहीच आलं नाही.

त्यानंतर पेरावर, दोन देठांच्या मधल्या जागेत, उपपर्ण (देठाच्या बुडाशी येणारं पानासारखं बारीक अंग) आहे का हे बघायचं. हा मुद्दा लोक हमखास सोडतात आणि तोच सगळ्यात कामाचा आहे. लोखंडी इक्झोरा आणि तुपा ही दोन्ही कॉफीच्या कुळातली. त्यांच्यात दोन देठांच्या मधे त्रिकोणी, टोकदार उपपर्ण असतं. ते सर्वांत कोवळ्या पेरावर शोधावं, जुन्या पेरावर ते झडलेलं असू शकतं. नऊ झुडपांत शेंड्याच्या पेरावरही उपपर्ण नव्हतं, दोन देठांना जोडणारी पुसटशी आडवी रेघ तेवढी होती. कॉफीचं कूळ गेलं आणि त्याबरोबर ‘लोखंडी’ नावाचा एक दावेदारही गेला. तुप्याच्या पानात आणखी एक खूण असते, मधल्या शिरेला बाजूच्या शिरा फुटतात त्या बेचक्यांत खालच्या बाजूला बारीक खळगे असतात. तेही इथे नव्हते.

आता मापं. फांदीच्या मधल्या भागातली वीस पानं मोजली. लांबी साडेचार ते आठ सेंटिमीटर, रुंदी दोन ते चार, देठ अवघा तीन ते पाच मिलिमीटर. कडा सपाट, कुठे दाता नाही. टोक बोथट किंवा किंचित निमुळतं. देठाची लांबी इथे फार बोलकी ठरते. जांभळाचं पान सहसा सात ते पंधरा सेंटिमीटर लांब आणि त्याचा देठ दीड-दोन सेंटिमीटरचा. पहिल्या आणि सातव्या झुडपाचे देठ पट्टीवर ठेवताच ती वेगळी निघाली.

मग शिरा. पान सूर्यासमोर धरलं. जांभळाच्या पानात मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना जवळजवळ, समांतर, पुष्कळ बारीक शिरा जातात आणि कडेच्या अगदी आत एका रेषेला मिळतात. भिंगातून पाहिलं तर पारदर्शक ठिपकेही दिसतात. हे ठिपके म्हणजे तेलाच्या ग्रंथी, म्हणून पान चुरगळलं की उग्र वास येतो. नऊ झुडपांच्या पानांत यातलं काहीही नव्हतं. मधली शीर वरच्या बाजूने खोलगट, खालून उठलेली. बाकी पान कोरं. बाजूच्या शिरा उन्हासमोरही दिसेनात, चुरगळल्यावर हिरव्या पाल्याचा साधा वास. पारजांभूळ, म्हणजे ओलिया डायोइका, हाही इथला समोरासमोर पानांचा सदाहरित शेजारी, पण त्याच्या बाजूच्या शिरा स्पष्ट असतात आणि पुष्कळ पानांच्या कडेला दाते असतात. दालचिनीच्या रानटी जातींत पानाच्या तळाकडून निघणाऱ्या तीन ठळक शिरा आणि सुगंध, दोन्ही. तीही बाद.

समोरासमोर पानं, सपाट कडा, आखूड देठ, उपपर्ण नाही, चीक नाही, वास नाही, ठिपके नाहीत आणि बाजूच्या शिरा दिसत नाहीत. महाबळेश्वरच्या रानात हा सगळा संच एकत्र जुळतो तो अंजनीत, म्हणजे मेमेसायलॉन अम्बेलेटममध्ये.

शास्त्रीय कुंजी (एकेका खुणेवरून पायरीपायरीने नावापर्यंत नेणारी यादी) वापरणारा नवखा माणूस नेमका इथे अडतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. अंजनीचं कूळ मेलास्टोमेटेसी. या कुळाची पाठ केलेली खूण म्हणजे पानाच्या तळापासून टोकापर्यंत कमानीसारख्या जाणाऱ्या तीन ते पाच ठळक शिरा. दक्षिण कोकणात आणि गोव्यात वाटेकडेला जांभळ्या फुलांचं पालोरे दिसतं, त्याच्या पानावर ही खूण बोटानेही लागते. अंजनीत ती नाही. मेमेसायलॉन ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) या बाबतीत कुळाच्या नियमाबाहेरची आहे, इतकी की काही अभ्यासकांनी तिला स्वतंत्र कूळ दिलं होतं. म्हणून ‘तीन शिरा नाहीत, म्हणजे मेलास्टोमेटेसी नाही’ असा निष्कर्ष काढून माणूस कुंजीत भलत्या वाटेला लागतो. शिरा दिसत नाहीत ही अंजनीची खूणच आहे, ती ‘माहिती मिळाली नाही’ म्हणून कोरी सोडू नये.

एक सावधगिरी मात्र हवी. सावलीतल्या पातळ पानात किंवा वाळलेल्या पानात अंजनीच्याही बाजूच्या शिरा पुसट उमटतात. म्हणून ही कसोटी ताज्या, उन्हातल्या, पूर्ण वाढलेल्या पानावर लावावी.

वाळलेलं पान काय सांगतं

फांद्या वर्तमानपत्रात दाबून ठेवल्या. पहिले चार-पाच दिवस रोज कागद बदलला, मग एक दिवसाआड. पान जाड असल्याने पाणी हळू सुटतं आणि कागद बदलण्यात आळस झाला तर देठ पेरापासून निखळतात. तसं झालं तर पानं समोरासमोर होती याचा पुरावाच जातो. वाळल्यावर अंजनीची पानं पिवळट-हिरवी पडली, जांभळाची तपकिरी झाली.

हा पिवळेपणा योगायोगाने येत नाही. मेमेसायलॉनच्या जाती मातीतलं अॅल्युमिनियम पानांत मोठ्या प्रमाणावर साठवतात. दक्षिण भारतात या पानांपासून पिवळा रंग काढतात आणि तुरटीच्या ऐवजी रंग पक्का बसवायलाही ती वापरली जातात, त्याचं कारण हेच. जांभ्या दगडाच्या आम्ल मातीत, जिथे अॅल्युमिनियम मुबलक आणि इतर पोषण तोकडं, तिथे अंजनी इतकी सुखाने वाढते याच्याशी तिच्या या क्षमतेचा संबंध जोडावासा वाटतो. केवळ पिवळेपणावरून जात ठरवू नये, पण जुन्या नमुन्यांच्या गठ्ठ्यात अंजनी चटकन वेगळी काढायला तो कामी येतो.

कळ्या कुठे येणार

फुलं नसतानाही अंजनी पुढच्या फुलांची जागा दाखवते. पानांच्या बगलांत आणि पानं गळून गेलेल्या जुन्या पेरांवर दोन-तीन मिलिमीटरच्या खडबडीत गाठी असतात. मागच्या वर्षांचे फुलोरे तिथूनच आले होते आणि नवेही तिथेच येतात. नऊही झुडपांवर अशा गाठी होत्या.

मात्र या खुणेवर एकट्या विसंबू नये, कारण जांभळाचा फुलोराही बहुतेक वेळा पानांच्या खालच्या उघड्या फांदीतून फुटतो. फरक आकाराचा आहे. जांभळाचा फुलोरा फाटे फुटलेला, मोकळा आणि बराच लांब. अंजनीचा आखूड, दाट, दोन-तीन सेंटिमीटरचा गुच्छ, फांदीला चिकटून.

फेब्रुवारीच्या मध्यावर गाठींतून बारीक गुलाबी कळ्या दिसू लागल्या. हा रंग फुलाखालच्या पेल्याचा. या अवस्थेतले फोटो पाहून लोक ‘गुलाबी फुलांचं झुडूप’ असं लिहितात, तेव्हा कळी आणि उमललेलं फूल यांची नोंद वेगवेगळी ठेवावी.

फूल उघडून पाहणं

मार्चच्या सुरुवातीला बहर आला. अंजनीचा बहर पाहणं हा सह्याद्रीतला मोठा आनंद आहे: काळपट फांद्या पेरापेरांवर निळ्या गुच्छांनी भरतात आणि मधमाश्यांची गुणगुण दुरून ऐकू येते. पण बहर थोडेच दिवस टिकतो आणि पाकळ्या लवकर गळतात. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली फांदी दुपारपर्यंत पाकळ्यांविना उरते. म्हणून सकाळी, दव सुकल्यावर लगेच फुलं घ्यावीत, काही जागेवरच उघडून पाहावीत आणि आठ-दहा फुलं सत्तर टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत टाकावीत. अल्कोहोलमध्ये निळा रंग जातो, पण अवयवांचे आकार शाबूत राहतात, आणि ओळखीसाठी तेच लागतात.

फूल जेमतेम सहा ते आठ मिलिमीटर. पाकळ्या चार, सुट्या, गडद निळ्या. पुंकेसर आठ, त्यांचे दांडेही निळे. मधोमध सुईसारखी एकच कुक्षिवृंत. आता भिंगातून एका पुंकेसराचं टोक पाहावं. परागकोशाला मागे जाडसर, शिंगासारखा वाकडा भाग असतो आणि त्यावर एक खोलगट ग्रंथी असते, तिच्यातून तेलकट स्राव येतो. ही ग्रंथी मेमेसायलॉनची घट्ट खूण आहे. जांभूळ, पारजांभूळ, इक्झोरा, कोणातही ती सापडणार नाही.

पाकळ्या आणि पुंकेसर गळल्यावर पेल्याच्या आतल्या तबकडीवर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या आठ बारीक कंगोऱ्या दिसतात. पाकळ्या हाती आल्या नाहीत तरी या कंगोऱ्यांवरून काम भागतं, म्हणून गळून गेलेलं फूलही टाकू नये.

मग पात्याने फूल उभं चिरावं. अंडाशय पाकळ्यांच्या खाली, पेल्यात बुडालेलं. कप्पा एकच, आणि त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या छोट्या दांड्याभोवती बीजांडं लागलेली. चिरताना पातं मध्यापासून जरा सरकलं तर दांडा दिसत नाही, तेव्हा तीन-चार फुलं चिरावीत आणि एक आडवंही कापावं.

पुंकेसर मोजण्याचा कंटाळा करू नये, कारण बाकीचे दावेदार तेवढ्यानेच गळतात. जांभळाला असंख्य पांढरे पुंकेसर. इक्झोराला चार, आणि पाकळ्या जुळून लांब नळी झालेली. पारजांभळाला आणि त्याच्याच कुळातल्या लिगस्ट्रमच्या रानटी जातींना दोनच, शिवाय त्यांचं अंडाशय पाकळ्यांच्या वर. हिरड्याला दहा आणि पाकळ्याच नाहीत.

रंग मी शेवटी ठेवला आहे, मुद्दाम. फोनचा कॅमेरा अंजनीचा निळा कधी जांभळा दाखवतो, कधी फिकट आकाशी. सावलीत एक, उन्हात दुसरा. जुन्या फुलाचा रंग उतरतो आणि वाळलेल्या नमुन्यात तो उरतच नाही. ‘निळं फूल’ एवढ्यावर शोध घेतला तर कारवीपासून गोकर्णापर्यंत काहीही हाती लागतं. आठ पुंकेसर आणि त्यावरची ग्रंथी कोणत्याही उजेडात तशीच राहते.

फोटो काढायचेच तर पाच काढावेत: पूर्ण झुडूप, फांदीची वरची बाजू, पानाची खालची बाजू पट्टीसह, कोवळं पेर जवळून, आणि फूल बाजूने, म्हणजे पेला आणि पुंकेसर दोन्ही दिसतील असं. पहिल्या वेळी अॅपला दिलेला फोटो चकाकणाऱ्या पानांचा वरून काढलेला होता. त्यात पेर नव्हतं, देठ नव्हता, शिरा उन्हाच्या तिरिपेत हरवल्या होत्या. तेवढ्यावरून कोणीही जांभळाकडेच गेलं असतं.

अंजनी, पण कोणती

प्रजाती मेमेसायलॉन हे पक्कं झालं तरी जातीचा प्रश्न राहतो. मेमेसायलॉन टर्मिनालेचे फुलोरे फांदीच्या शेंड्याला येतात आणि पानांना देठ जवळजवळ नसतोच. या नऊ झुडपांचे फुलोरे बगलेत आणि जुन्या पेरांवर होते, देठ आखूड पण स्पष्ट. टाल्बोटियानम ही जात दक्षिणेकडच्या, गोवा-कारवारच्या बाजूच्या रानांतली, तिची पानं बरीच मोठी. आठ सेंटिमीटरच्या पुढे न जाणारी पानं आणि उत्तर सह्याद्रीचं ठिकाण पाहता तिचा विचार थांबवता आला.

उरलं अम्बेलेटम. हे नाव 1768 सालचं, निकोलास बर्मनने दिलेलं. जुन्या मुंबई इलाख्याच्या ग्रंथांत आपली अंजनी मेमेसायलॉन एड्यूल या नावाखाली सापडते. एड्यूल आणि अम्बेलेटम एकच की दोन, यावर सगळ्या अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणून जुना संदर्भ चाळताना दोन्ही नावांखाली पाहावं, आणि नोंदीत आपण कोणतं नाव कोणत्या अर्थाने वापरलं ते लिहावं. शंका राहिली तर पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम इथल्या नमुन्यांशी आपला नमुना ताडून पाहण्याला पर्याय नाही. त्यासाठी नमुना फुलांसह, पेरासह आणि नीट चिठ्ठीसह हवा: ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, झुडपाची उंची, ताज्या फुलाचा रंग, सांगितलेलं स्थानिक नाव. ताज्या फुलाचा रंग लिहिलाच पाहिजे, नमुना तो सांगणार नाही.

यादीत काय बदललं

‘जांभूळ, लहान, नग अकरा’ ही ओळ खोडून दोन ओळी आल्या: जांभूळ दोन, अंजनी नऊ, प्रत्येक झुडपाच्या क्रमांकासह. फरक नुसता कागदावरचा नव्हता. जांभूळ भराभर वाढतं, रोपं कुठेही मिळतात, तोडलं तर पुन्हा लावता येतं. अंजनी फार सावकाश वाढते आणि रोपवाटिकांत ती सहसा मिळत नाही. पाच-आठ सेंटिमीटर जाडीचं तिचं खोड बरंच जुनं असतं, आणि एवढी वाढलेली अंजनी उपटून दुसरीकडे लावणं भरवशाचं नाही. हे कळल्यावर कुंपणाची रेषा दीड मीटर आत घेण्याचा निर्णय झाला आणि नऊही झुडपं जागेवर राहिली. पाया खणताना त्या बाजूला यंत्र न लावता हाताने खणायचं, माती बुंध्यांवर न टाकता दुसऱ्या बाजूला टाकायची, एवढी अट कंत्राटदाराला घालण्यात आली.

छाटणीचाही प्रश्न निघाला, कारण काही फांद्या कुंपणावर येणार होत्या. अंजनीची छाटणी शेंड्यापुरती ठेवावी. फुलं जुन्या पेरांवर येत असल्याने शेंडे कापले तरी बहर येतो, पण जाड फांद्या बुंध्यापर्यंत कापल्या की फुलांच्या जागाच जातात आणि झुडूप पुन्हा फुलायला वर्षं घेतं. छाटणी फळं उतरल्यावर करावी.

फळांची तपासणी मे महिन्यात झाली. तीही करायलाच हवी, कारण इथे जांभळाशी पुन्हा एकदा गफलत होऊ शकते. दोन्ही फळं पिकून काळी-जांभळी होतात आणि दोन्हींच्या डोक्यावर पेल्याची कड गोल मुकुटासारखी उरते. अंजनीचं फळ मात्र गोल, वाटाण्याएवढं, जुन्या पेराला गुच्छाने चिकटलेलं. जांभूळ लांबट आणि रसाळ. शंका असेल तर अंजनीची बी सोलून पाहावी: आतली दोन बीजदलं एकमेकांत गुंडाळलेली, चुरगळलेल्या कागदासारखी असतात, तर जांभळाची जाड आणि भरीव. नऊपैकी आठ झुडपांवर फळं मिळाली आणि सगळ्यांच्या बिया तशाच निघाल्या. उरलेल्या एकावर फळ धरलं नव्हतं. त्याची नोंद पान आणि फूल यांच्यावरच ठेवली आणि यादीच्या शेऱ्यात तसं लिहिलं.